न तुटलेली पिन

"पिन तुटेल तेव्हा तुटू दे, यामिनी. तुटणं हेच तिचं काम आहे," शेजारच्या फ्राउ हेलर, म्हणजे हेलरबाई, म्हणाल्या होत्या.

यामिनी हसली. "अहो, उज्ज्वलने आता पोलादी बोल्ट घातलाय. दर वेळी कोण बदलत बसणार? तो इंजिनिअर आहे, त्याला कळतं."

"आल्झो... बरं तर," म्हातारी म्हणाली, "यंत्र कुणाची पदवी वाचत नाही."

मित्रांनो, मी एक जुना, बुटका ट्रॅक्टर आहे. जर्मनीतल्या एका डोंगरी खेड्यात राहतो. उन्हाळ्यात मी गवत कापतो. हिवाळ्यात माझ्या तोंडाशी बर्फ उडवणारं यंत्र जोडतात. त्याची फिरती पाती बर्फ आत ओढतात आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतात. पात्यांच्या दांड्यावर मऊ लोखंडाची एक पिन असते. दगडबिगड अडकला की ती मोडते आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. एवढीशी पिन, पण तिच्या जिवावर मी बावीस हिवाळे काढले.

कारखान्यातून मला हेर हेलर, म्हणजे फ्राउ हेलरांचे यजमान, घेऊन आले. ते रोज मला पुसायचे, तेल घालायचे. ते गेले आणि मी दोन वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलो. मग शेजारी यामिनी आणि तिचा नवरा उज्ज्वल यांचं हे मराठी कुटुंब राहायला आलं, आणि फ्राउ हेलरनी मला त्यांना देऊन टाकलं. अट एकच. सकाळी सातच्या आत दोन्ही घरांपुढची वाट मोकळी हवी. इथे तसा नियमच आहे. यामिनी मात्र नियमापेक्षा जास्त करायची. चहा गाळता गाळता ती समोरच्या खिडकीचं शटर वर गेलं का ते बघायची. चार वर्षांची लेक मैत्री नुसती शिंकली तरी जिची झोप उडते, तिला शेजारच्या एकट्या म्हातारीची काळजी कशी नसेल?

गेल्या जानेवारीत दोन दिवस बर्फ थांबलाच नाही, वाट काढणंही जमेना. रेल्वे बंद पडली, त्यामुळे उज्ज्वल कामाच्या ठिकाणी, त्सुफेनहाउझेनलाच, एका मित्राकडे अडकला. तिसऱ्या दिवशी सकाळी पडायचा थांबला, तेव्हा बर्फ यामिनीच्या कमरेपर्यंत आला होता. आठ वाजले तरी समोरचं शटर खालीच. तिने फोन केला. तो नुसता वाजत राहिला.

"मामा, ओमा श्लेफ्ट नोख," मैत्री म्हणाली. म्हणजे, आई, आजी अजून झोपलीय.

"नाही गं बाळा. त्या साडेसहाला उठतात."

रुग्णवाहिकेवाले म्हणाले, निघतो, पण वर पोचायला वेळ लागेल. यामिनीने फ्राउ हेलरच्या घराची जादा किल्ली खिशात टाकली, मैत्रीला खिडकीत बसवलं आणि मला चालू केलं.

चाळीस मीटरची वाट होती. मी जीव तोडून बर्फ फेकत होतो. यामिनी सारखी मागे वळून बघायची, मैत्री हात हलवायची. पंचवीस मीटर झाले. तेवढ्यात बर्फाखाली दडलेला सरपणाचा ओंडका माझ्या पात्यांत आला. पिन असती तर मोडली असती. पाच मिनिटांत नवी घालून आम्ही पुढे गेलो असतो. उज्ज्वलचा बोल्ट काही हलला नाही. कडाडकन माझा गिअरबॉक्सच फुटला.

यामिनीने इंजिन बंद केलं. "हो, सांगितलं होतं त्यांनी," ती पुटपुटली. मग घरात जाऊन तिने मैत्रीला कपड्यांत गुंडाळून आणलं, माझ्या सीटवर बसवलं, आणि फावडं उचललं. इंजिनाची उरलीसुरली ऊब मी त्या पोरीला दिली. तेवढंच माझ्या हातात होतं.

उरलेले पंधरा मीटर ती बाई एकटीने खणत गेली. हातमोजे भिजले, कंबर धरली, पण ती थांबली नाही.

फ्राउ हेलर स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, फोन वर टेबलावरच राहिला. त्या काय म्हणाल्या, ते यामिनीने नंतर शेडमध्ये उज्ज्वलला सांगितलं तेव्हा मला कळलं.

"ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा वाटलं, तू परत गेलीस."

"अशी कशी जाईन हो?"

"मग फावड्याचा आवाज आला. मग मी रडले."

रुग्णवाहिकेची माणसं तिने खणलेल्या वाटेनेच स्ट्रेचर घेऊन गेली. दवाखान्यात उज्ज्वल भेटायला गेला, तेव्हा म्हातारीने त्याला सोडलं नाही. "या, हेर इंजिनिअर! बोल्ट कसा आहे? ठणठणीत ना?" तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला म्हणे. आता माझा गिअरबॉक्स नवा आहे, आणि शेडच्या खिळ्याला मऊ पिनांची पुडी टांगलेली आहे.

मित्रांनो, आम्हां यंत्रांची काळजी घ्या, जुन्या माणसांनी सांगितलेलं हसण्यावारी नेऊ नका. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत कुणीतरी एकटं राहत असेल. आज त्यांना कुणी पाहिलंय का? आईला विचारा, तिला सोबत घ्या आणि जा. बेल वाजवा. आतून पावलं ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका.