स्केल्डरबी, तालुका शिरूर

स्केल्डरबी हे इंग्लंडातलं अतिप्राचीन, कुलीन आणि दुर्मिळ आडनाव असून आज ते जगात फक्त दोन ठिकाणी टिकून आहे. एक, यॉर्कशायर, त्यातही डोंगराआडचं एक खोरं. दुसरं, पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे तालुके. पैकी यॉर्कशायरकडची बहुतेक मंडळी चर्चच्या आवारात पुरलेली आहेत. शिरूर-दौंडकडची जिवंत आहेत आणि त्यांतली निम्मी रेल्वेत पाळीनं कामाला जातात.

त्यांच्यातला वडीलधारा म्हणजे बन्सी दगडोबा स्केल्डरबी, दौंडच्या लोकोशेडमधला फिटर. चौऱ्याहत्तरच्या संपात काढून टाकलेला आणि मग नाइलाजानं परत घेतलेला, नाइलाज रेल्वेचा. आठवडाभर तो दौंडच्या क्वार्टरात राही आणि सुट्टीला इनामगावच्या अलीकडं माळावर असलेल्या आपल्या गावी येई. तिथं बौद्धवस्तीत त्याचं दोन खणांचं घर होतं आणि दारावर पत्र्याची पाटी होती. पाटीवर रेल्वेच्याच पिवळ्या रंगात आडनाव लिहिलेलं होतं. रंग कुठून आणला हे बन्सीला कुणी विचारलं नाही, आणि आडनाव कुठून आणलं हे विचारल्याशिवाय कुणी राहिलं नाही.

खरी हकीगत चार ओळींची आहे. घोडनदीला, म्हणजे शिरूरला, इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती तेव्हा बन्सीचा आजा म्हाळू तिथं कॅप्टन स्केल्डरबीच्या घोड्यांचं चारापाणी बघायचा. छावणीत नोकरमाणसाला नुसतं स्वतःचं नाव पुरत नसे, कुठल्या साहेबाचा तेही सांगावं लागे. साहेब बदलून गेला. कुठं गेला हे म्हाळूला कळवायचं त्याला काही कारण नव्हतं. म्हाळू मात्र 'स्केल्डरबीचा म्हाळू' राहिला तो राहिलाच. पुढं त्याचं विठाबाईशी लग्न झालं, दगडोबा झाला, आणि प्लेगात म्हाळू गेला. पोरगा कामाच्या वयाचा झाल्यावर विठाबाई त्याला घेऊन दौंडला रेल्वेच्या भरतीला गेली. भरतीचा कारकून त्यांच्या वस्तीतल्या प्रत्येकाच्या नावापुढं आडनाव म्हणून जात लिहून मोकळा व्हायचा. एका शब्दात सगळ्यांचं भागत असताना दुसरा शब्द शोधायचा कशाला, असा त्याचा सरळ व्यवहार.

विठाबाई म्हणाली, "स्केल्डरबी लिव्हा."

"हा कोण?"

"तुमच्या सायबाच्या वरचा सायेब."

कारकुनानं टाक बुडवला आणि निमूट लिहिलं.

एवढ्यावर गावाचं समाधान झालं नाही. गावानं स्वतःचा वेगळा इतिहास तयार केला. त्यात विठाबाई तिन्हीसांजेला बंगल्यावर झाडलोटीला जायची आणि दगडोबाचे डोळे घारे होते. वास्तविक विठाबाई लग्न होऊन गावात आली तेव्हा साहेबाला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि दगडोबाचे डोळे इंजिनातल्या कोळशाइतके काळे होते. गावात घारे डोळे होते ते सरपंच सर्जेरावांच्या घरात, पण त्याबद्दल कुणी इतिहास लिहिला नव्हता.

बन्सी लहानपणापासून 'विलायती' ऐकत मोठा झाला. त्याचा चुलतभाऊ चांगदेव वस्तीतल्या मंडळाचा सेक्रेटरी होता. तो दर सभेनंतर म्हणायचा, "दादा, छप्पन साली एवढं सगळं टाकलं, हे गुलामीचं नाव तेवढं कशाला ठिवलं?"

"छप्पन साली टाकलं ते लोकांनी आपल्या डोक्यावर ठिवल्यालं व्हतं," बन्सी म्हणायचा. "हे म्हातारीनं दम देऊन मिळवल्यालं हाय. मी टाकत न्हाई."

पंच्याहत्तरच्या जानेवारीत दौंड स्टेशनवर एक उंच, वाळका, उन्हानं लाल झालेला साहेब उतरला आणि त्यानं हमालाला मिस्टर स्केल्डरबी कुठं भेटतील म्हणून विचारलं. हमालानं उलट विचारलं, "कोन्ता? शेडवाला का पार्सल हापिसवाला?"

साहेब तिथंच ट्रंकेवर बसला. त्याचं नाव आर्थर स्केल्डरबी. आपल्या आडनावाची माणसं जगात कुठं कुठं आहेत हे हुडकून नकाशावर मांडण्यात त्यानं उमेदीची वर्षं घालवली होती आणि त्याला आतापर्यंत सापडलेली माणसं एका डायनिंग टेबलाभोवती मावली असती. दौंडहून इंग्लंडात जाऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरनं त्याला बन्सीबद्दल सांगितलं होतं.

बन्सीनं त्याला क्वार्टरात नेलं, चहा दिला. बन्सीचं इंग्रजी लोकोशेडातलं होतं. त्यात शिव्या पुष्कळ आणि क्रियापदं कमी, पण चालण्यासारखं होतं. साहेबानं आडनावाचं मूळ समजावून सांगितलं. शेवटच्या 'बी'चा अर्थ गाव. स्केल्डर म्हणजे काय ते आता कुणालाच ठाऊक नाही. चारशे वर्षांपूर्वी जमीनदारानं मेंढरं चारायला सगळं गाव उठवलं. उठलेली माणसं जिथं जिथं गेली तिथले लोक त्यांना त्या गावाच्या नावानं ओळखू लागले. खुद्द त्या गावात हे आडनाव कुणाचंच नव्हतं.

"तसंच असतंय," बन्सी म्हणाला. "यवतमधी कुनी यवतकर नसतो."

रंभा, बन्सीची बायको, त्या दिवशी गावाहून क्वार्टरात आलेली, स्टोव्हपाशी बसून ऐकत होती. नवऱ्यानं मराठीत सांगितल्यावर म्हणाली, "म्हंजी मेंढरांनी हाकलल्याली मानसं. बसा म्हनावं, आजून च्या घ्या."

साहेबानं आणखी एक सांगितलं. आपण स्केल्डरबी फॅमिली ट्रस्टचे चिटणीस आहोत, आणि कॅप्टनचे रक्ताचे वारस सापडले तर ट्रस्टला फार आनंद होईल. रविवारी बन्सीचं गाव बघावं अशी त्याची इच्छा होती.

ट्रस्ट हा शब्द साहेबाच्या एक दिवस आधी गावात पोचला. हायस्कूलचे इंग्रजीचे हौशीराम मास्तर दौंडला शनिवारच्या बाजाराला आले होते, त्यांनी नेला. साहेबाशी ते पाच मिनिटं बोलले होते आणि तेवढ्यात त्यांना इंग्लंडची बहुतेक परिस्थिती समजली होती.

त्याच संध्याकाळी सर्जेराव आप्पा बौद्धवस्तीत आले. मतं मागायला येत तेव्हा ते जीपमधून हात करत. या खेपेला उतरले, चपला काढल्या आणि घोंगडीवर बसले. रंभानं चहा पुढं केला. सर्जेरावांनी कप हातात धरला, कपाकडं बघितलं, मग डोळे मिटून दोन घोटांत संपवला. दारात जमलेल्या पोरांनी हे नीट बघून ठेवलं.

"बन्सीराव," सर्जेराव म्हणाले.

बन्सीनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"तुम्हालाच म्हनतोय. नळयोजनेचं तर तुम्हाला ठावंच हाय. झेडपीनं सात वर्षं झुलवलं. बाया दीड कोस पानी वाहत्यात. आता परमेसरानं सायेब धाडलाय. ट्रस्टचा मानूस हाय, मनात आणलं तर टाकी बांधंल, वस्तीपतुर नळ आणंल. पैला हंडा तुमचा, माझा शबुद."

"मग मागा की त्याला."

"आमी कोन मागणार? तुमी घरचं मानूस. त्यानं उद्या इचारलं की, तुमी कॅप्टनच्या रक्ताचं का, तर व्हय म्हनायचं. बास. एक शबुद."

बन्सी म्हणाला, "आप्पा, तुमच्या वडलांनी माझ्या बापाला चावडीम्होरं हेच 'कॅप्टनचं रक्त' ऐकवलं व्हतं. माझ्या बापानं त्यांच्या डोस्क्यात खोरं घातलं व्हतं. सा महिनं येरवड्याला व्हता."

"ते जुनं झालं."

"तवा शिवी व्हती. आता योजना झाली."

"बन्सीराव, गेल्याली म्हातारी हाय. तिला काय कळणार हाय? गावाचं भलं हुतंय."

चांगदेवही बसला होता. खाली बघत म्हणाला, "दादा, पान्याचा इचार केला पायजे. आपल्याच बाया मरत्यात."  नाव टाक म्हणणारा माणूस आता तेच नाव दुप्पट घे म्हणत होता, आणि बायांचं म्हणाल तर त्यात खोटं काही नव्हतं. रंभाच्या डोक्याला चुंबळीचा घट्टा पडला होता तो त्यानं दर सुट्टीला बघितला होता.

सर्जेराव गेल्यावर तो रंभाला म्हणाला, "तू सांग. पानी तू आनतीस."

रंभानं सर्जेरावांचा कप विसळून बाकीच्या कपांत ठेवला. "नळ आला तर बरंच हाय की. मानंची शीर उतरंल."

"मग व्हय म्हनू?"

"म्हना. आन् मंग मी नळाखाली हंडा लावीन. माझ्या मागं सरपंचाची साळूबाई हुबी आसंल. ती म्हनंल, भर गं रंभे, तुझ्या आजेसासूच्या बंगल्याचं पानी हाय, तुझा मान पैला. रोज म्हनंल. हंडा भरुस्तवर ऐकायचं. मोठा हंडा आसला तर ज्यादा ऐकायचं." तिनं पदरानं हात पुसले. "दीड कोस लांब हाय, पर तिथं निस्तं पानीच हाय."

रविवारी पंचायतीपुढं मांडव घातला होता. हलगी होती, नारळ होता, शाळेच्या पोरींचं स्वागतगीत होतं. सर्जेरावांनी भाषणात इंग्रज आणि या गावाचे संबंध फार जुने व जिव्हाळ्याचे असल्याचं सांगितलं. लोक गालांत हसले. हौशीराम मास्तरांनी 'जिव्हाळ्याचे' याचं इंग्रजी असं केलं की साहेबाचे कान आणखी लाल झाले.

बन्सी इस्त्रीच्या बुशशर्टात साहेबाशेजारी खुर्चीवर बसला होता. पंचायतीपुढं खुर्चीवर बसायचा त्याचा हा पहिलाच प्रसंग. रंभा बायांत बसली होती आणि तिच्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

साहेबानं चष्मा लावला आणि अवघडून विचारलं, "मिस्टर स्केल्डरबी, माफ करा, पण विचारावं लागतं. कॅप्टनशी तुमचं नातं रक्ताचं आहे, असं तुमच्या घरात सांगतात का?"

मास्तरांनी मराठी केलं. मागच्या लोकांनी माना पुढं काढल्या. सर्जेरावांनी बन्सीकडं बघून मान हलवली, बैलाला पाण्याकडं वळवावं तशी.

बन्सी उभा राहिला. "आमच्या घरात न्हाई सांगत," तो म्हणाला. "ह्यांच्या घरात सांगत्यात." आणि त्यानं हात सगळ्या मांडवावरून फिरवला. "माझी आजी विठाबाई. तिनं तुमच्या कॅप्टनचं तोंड कवा बघितलं न्हाई. माझा आजा त्याच्या घोड्याची लीद काढायचा, म्हनून नाव कानावर व्हतं. रेल्वेच्या कारकुनाला आमची जात लिवायची व्हती, तिनं लिवू दिली न्हाई. पैलं आठवलं ते नाव ठोकून दिलं. रक्ताचा थेंब न्हाई. मास्तर, हे समदं सांगा. कमी केलं तर मी सांगीन."

मास्तरांनी कमी केलं. बन्सीनं लोकोशेडच्या इंग्रजीत उरलेलं सांगितलं, लीद धरून.

"गाव बुडवलं यानं," मागून कुणीतरी बोललं.

"बन्सी, खाली बस," सर्जेराव म्हणाले. कालचा 'राव' तिथंच गळाला होता.

"बसतो. मला सायबाचं ऐकायचंय."

साहेब खरोखरच खट्टू झाला होता. त्यानं चष्मा पुसला. म्हणाला की तुमच्या प्रामाणिकपणाचा आपल्याला आदर आहे. पण काटेकोर बोलायचं तर तुम्ही स्केल्डरबी नाही. नकाशात शिरूर आणि दौंड दाखवता येतील, मात्र कंसात.

"तुमीच सांगितलं का न्हाई," बन्सी म्हणाला, "जमीनदारानं गावाभाईर काढलं त्याला ह्ये नाव पडलं? मग आमी आजून गावाभाईरच राहतो, बघा, त्या लिंबापल्याड. तुमचं राहतं घर कुठं हाय?"

साहेबानं सांगितलं की त्याचं घर लीड्स शहरात आहे, मध्यवर्ती भागात, बागेसमोर.

"मग कंसात कोन जायाला पायजे? पुरं लिव्हायचं तर लिव्हा, न्हाईतर नका लिवू. तुमच्या नकाशात नसलं तरी पाटी हाय माझ्या दारावर."

बायांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती रंभा होती की आणखी कुणी, हे बन्सीला कळलं नाही. चांगदेव मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं टाळी वाजवली, एकट्यानंच, आणि मग वस्तीतले बाकीचे.

साहेब खुर्चीवरून उठला. मग त्यानं बन्सीचा हात हातात घेऊन हलवला, जरा जास्तच वेळ. कंसाचं काय ठरलं ते बोलला नाही.

सर्जेराव मात्र इतक्यात हार मानणारे नव्हते. दोन निवडणुका त्यांनी याहून वाईट परिस्थितीत जिंकल्या होत्या. ते मास्तरांना म्हणाले, "रक्ताचं जाऊ द्या. सायबाला सरळ इचारा, पान्याच्या टाकीला ट्रस्ट किती देईल?"

मास्तरांनी विचारलं. साहेबाला प्रश्न समजला नाही. मास्तरांनी तो पुन्हा विचारला, हातवारे करून, टाकी, नळ, हंडा. साहेबानं मान हलवली आणि सावकाश, पोराला सांगावं तसं, उत्तर दिलं. मास्तर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता.

"काय म्हनला?" सर्जेरावांनी विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. ट्रस्टचं काम एकच आहे. यॉर्कशायरच्या खोऱ्यातल्या चर्चच्या आवारात स्केल्डरबींच्या कबरी आहेत. वर्षातून दोनदा माणूस लावून त्यांच्यावरचं शेवाळ खरवडून काढतात.