मास्तरांनी आखूड केलेला पट्टा

“मेला रुततोय तरी किती,” मास्तर शर्टाआड मला चाचपत पुटपुटले.

मित्रांनो, मी एक जुना हर्नियाचा पट्टा आहे, आणि तो मेला म्हणजे मीच. रुंद इलॅस्टिक, दोन बकलं आणि एक मऊ गादी, एवढाच माझा संसार. मास्तर पेशाने शिंपी. त्यांच्या उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा येई. तो आत सारून वर मला बांधलं, की ते दिवसभर मशीनवर बसू शकत. “याच्याशिवाय माझं पान हलत नाही,” असं ते म्हणत, तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, पट्ट्याने हे बरं होत नाही, ऑपरेशन करून घ्या. पण घरात तो शब्द निघाला की मास्तर मशीन जोरात चालवत, त्यांची बायको दूध बघायला उठे आणि लेकीला अचानक काहीतरी काम आठवे.

मी सैल पडलो की मास्तर शिंप्याचाच इलाज करत. मला बोटभर आत घेऊन टीप मारत. गिऱ्हाइकाच्या कमरेला जे चालतं ते आपल्याला का चालू नये? असा मी पाच वेळा आखूड झालो. मला वाटे, मी सांभाळतोय. खरं तर मी नुसता झाकत होतो.

एके सकाळी फुगवटा आत जाईना. कातडी लाल झालेली, हात लावू देईनात. तरी मास्तर मला आवळायला बघत होते. बायकोने माझं बक्कल सोडलं.

“आता टीप मारून भागायचं नाही. उठा, गाडी बोलावलीय.”

हॉस्पिटलात मी तिच्या पिशवीत पडून होतो. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. फुगवट्यात आतडं अडकलं असेल असं वाटलं होतं, निघालं सुजलेलं अपेंडिक्स. असं फार क्वचित होतं, म्हणाल्या. फुटायच्या आत ते काढलं. एरवी कमजोर जागेवर जाळी बसवतात, पण अशा सुजेत जाळीला जंतू धरायची भीती, म्हणून तिथलेच स्नायू टाके घालून शिवले. मास्तरांना सांगा, शिवण आमचीही वाईट नाही, असंही हसून म्हणाल्या.

मित्रांनो, डॉक्टर सांगतील तेवढंच मला वापरा. माझ्या आड दुखणं लपवू नका. आम्हा पट्ट्यांना बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

तिसऱ्या दिवशी लेक खाटेशी बसून संत्रं सोलत होती. इतके दिवस का थांबलात, असं तिने विचारलं नाही. कुणीच विचारलं नव्हतं. मास्तर छताकडे बघत आपणहून म्हणाले,

“माझा दादा ऑपरेशनला गेला तो परत आलाच नाही. मीही येणार नाही, असं वाटायचं गं मला.”