‘अस्सल’चं मूळ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणू देत. दिवसभर उन्हात वाकून गुलाबाला डोळे भरून बघा, मग कळेल राग कुठून येतो ते. डोळे भरणं म्हणजे काय तेही आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जंगली गुलाबाचं काटक रोप घ्यायचं. त्याला आम्ही खुंट म्हणतो. त्याच्या सालीला चीर द्यायची. चांगल्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळ्याने जीव धरला की त्याच्या वरचा खुंट छाटून टाकायचा. मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची. रोपवाटिकेत माझं सगळं आयुष्य या कामात गेलं.

आमची पाचर मात्र शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. पाचर हे काही तिचं नाव नव्हे. तिच्या आईशी मी लग्न केलं तेव्हा ती एवढीशी होती, आणि पहिल्या दिवसापासून आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये येऊन झोपायची. कोपरं अशी टोकदार की विचारू नका. मी वैतागून म्हणालो, “ही मुलगी आहे की पाचर?” तेच नाव चिकटलं. ती मला काका म्हणते. तिच्या आईनेच तसं शिकवलं आणि मीही म्हटलं, बरोबर आहे. बाप तिला आहेच कुठेतरी. दुसऱ्या गावात काम मिळालं म्हणून गेला तो तिकडचाच झाला, पण जिवंत माणसाची जागा आपण कशाला अडवायची?

तर त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. त्यांच्या कचेरीत शब्द वाटून देतात. ज्याला जो शब्द येईल त्याने त्याचे अर्थ लिहायचे, तो कुठून आला ते शोधायचं.

“काका, मला आज ‘अस्सल’ आला,” पाचर म्हणाली.

“येऊ दे. दोन दिवसांत उतरेल,” मी म्हणालो.

“ऐक ना रे! तो अरबीतून आलाय, फारसीच्या वाटेने. तिकडे ‘अस्ल’ म्हणजे मूळ. झाडाचं मूळ असतं ना, तेच. मग जिथून एखादी गोष्ट सुरू झाली ते ठिकाण. मग कचेरीतला पहिला कागद तो अस्सल, आणि त्यावरून उतरवलेली ती नक्कल. आणि मग लोक कशालाही म्हणायला लागले. अस्सल रेशीम, अस्सल माणूस.”

“अस्सल भांडखोर,” तिची आई माझ्याकडे बघत म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. “आणि नक्कल कुठून आली?”

“तोही तिकडचाच शब्द. ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणं.”

बोलली ती सहज. पण माझा घास तोंडातच फिरायला लागला. म्हणजे मूळ ते अस्सल आणि मागून आणून लावलेली ती नक्कल. वा रे वा! आणि हे आमच्याच घरात, माझ्याच ताटासमोर!

“काहीतरीच,” मी म्हणालो. “आमच्याकडे मुळाला कोण विचारतं? मूळ जंगलीच असतं. गिऱ्हाईक काय खुंटाचं नाव विचारतं का? फुलाचं विचारतं. तुमच्या त्या संपादकबाईंना एक दिवस माझ्याकडे पाठव.”

“काका, मी शब्दाचा उगम सांगतेय. तुझ्यावर खटला नाही भरलाय.”

“मग भर की! तेवढंच राहिलंय.”

ती हसली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तिने भात इकडून तिकडे केला आणि म्हणाली, “त्यांचा फोन आला होता.”

“कुणाचा?” तिच्या आईने विचारलं.

“माझ्या वडिलांचा. इथेच आलेत आता राहायला. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलंय. भेटायला ये म्हणाले. मी रविवारी जाणार आहे.” मग माझ्याकडे वळून, “तू येशील?”

आता माणसाने काय म्हणावं? शहाण्या माणसाने हो म्हणावं. मी म्हणालो, “मी कशाला? दोन अस्सल माणसं भेटणार, त्यांच्यामध्ये ही नक्कल कशाला कडमडायला?”

पाचर उठून हात धुवायला गेली. तिची आई माझ्याकडे बघत राहिली. आमच्या हिचं ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट.

खरं सांगू? भीती वाटली होती मला, दुसरं काही नाही. या मुलीच्या तापात मी रात्रभर मांडीची उशी केली. तिच्या परीक्षांना मी शाळेच्या भिंतीबाहेर उभा राहायचो, आत ती घाबरायची आणि बाहेर मी. तिने पहिल्यांदा स्वयंपाक केला तेव्हा ते करपलेलं सगळं मी एकट्याने संपवलं. आणि आता एका फोनवर तिचा बाप येतो, आणि शब्दकोशसुद्धा त्याच्याच बाजूने बोलतो! ती त्याची झाली तर मी कोण? बायकोच्या मुलीचा काका. बस्स.

रविवारी मी उजाडताच रोपवाटिकेत गेलो. कामात डोकं गेलं की बरं वाटतं. ओळीच्या ओळी भरत गेलो, चीर दे, डोळा बसव, पट्टी बांध. कुणी हाक मारली तरी वर बघितलं नाही. दुपारच्या आधी पाचर आली. नवे कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. ती ओळीत वाकली. मग दुसऱ्या ओळीत. मग सरळ उभी राहिली.

“काका.”

“काय आहे?”

“डोळे उलटे भरलेस.”

“शहाणपणा शिकवू नकोस मला,” मी खेकसलो. आणि बघितलं, तर काय! डोळा काढताना त्याच्याखाली पानाच्या देठाचा लहानसा तुकडा ठेवतो आम्ही, धरायला सोपं पडतं. तो देठ डोळ्याच्या खाली असायला हवा. इथे प्रत्येक रोपावर देठ वर आणि डोळा खाली. सकाळपासूनचे सगळे डोळे डोक्यावर उभे! काम शिकायला लागलेलं पोरसुद्धा एवढी चूक करत नाही. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण पाचर खो खो हसत सुटली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते मात्र सुलटे होते.

“एवढं लागलं तुला?” ती म्हणाली.

“कोण म्हणतं लागलं?”

“ही दोनशे रोपं म्हणतायत.” तिने माझ्या हातातला चाकू काढून घेतला, मिटला आणि माझ्या खिशात टाकला. “कोशात ना, उगम सगळ्यात शेवटी येतो. कंसात, बारीक अक्षरात. आधी अर्थ देतात. आणि अर्थ म्हणजे लोक तो शब्द कसा वापरतात ते. आता चल. मला एकटीला भीती वाटतेय.”

भीती वाटतेय असं ती म्हणाल्यावर माझा राग कुठे टिकतोय? हात धुतले आणि निघालो.

दुकान म्हणजे एका गल्लीतली अरुंद खोली. दोन्ही बाजूंना मशीनच मशीन. काही उघडलेली, काही पाय नसलेली. तेलाचा वास. मधल्या बाकावर कोपऱ्यापर्यंत स्क्रू, बॉबिन, सुया, चिंध्या. आणि त्या सगळ्यामागे एक वाळका, केस पिकलेला माणूस. मी मनात त्याला केवढा धिप्पाड, केवढा बेरकी करून ठेवला होता! हा तर आम्हाला बघून उभा राहिला आणि हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. आणि नाक बघितलं त्याचं. पाचरचं नाक! तेच, जरा उजवीकडे झुकलेलं. ते वळण तिच्या आईत कुठे नाही, म्हणून मी नेहमी चिडवायचो तिला, हे कुठून आणलंस म्हणून. इथून आणलं होतं. माझ्या काळजात चर्र झालं.

“या, या. बसा ना,” तो म्हणाला. स्टूल पुसलं, परत पुसलं.

“हे माझे काका,” पाचर म्हणाली.

त्याने मला नमस्कार केला, मी केला. बाहेरून चहा आला. तुम्ही काय करता, मी गुलाब लावतो, अरे वा, तुम्ही कधी आलात, असं सगळं चाललं होतं. दोघं एकमेकांशी असे बोलत होते, जणू बँकेत रांगेत उभे आहेत. ती त्याला ‘तुम्ही’ म्हणत होती आणि तोही तिला मध्येच ‘तुम्ही’ म्हणून जीभ चावत होता. मला भांडायचं होतं, पण भांडायला समोर कुणी नव्हतंच. तो स्वतःच म्हणाला, “मी फार वाईट वागलो. त्यासाठी माझ्याकडे कारण नाही. तेव्हा वाटायचं की आहे.” पाचरने त्याचा कप त्याच्याकडे सरकवला.

मग कपाची कड पुसत तो म्हणाला, “एक विचारू? नाही म्हणालीस तरी चालेल. मला बाबा म्हणशील?”

मी चहा खाली ठेवला.

पाचर खोटं बोलत नाही, तिची ही सवय मला माहीत आहे. ती म्हणाली, “म्हणेन. मी कधी कुणाला म्हटलं नाहीये. अवघड जाईल सुरुवातीला. पण म्हणेन.”

त्या माणसाचा चेहरा काय फुलला! आणि इकडे माझ्या पायाखालची जमीन गेली. संपलं, मी मनात म्हटलं. कसनुसं हसलो, छान छान असं काहीतरी पुटपुटलो. माझ्या त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

“थांब, तुला नीट बसायला जागा करतो,” तो म्हणाला. आनंदाने त्याची घाई उडाली होती. बाकावरचं एक जड मशीन त्याने बाजूला सरकवलं. सरकवलं ते जरा जास्तच. मशीन कडेला टेकलं, कललं आणि सरळ खाली आलं. पाचर त्या माणसाच्या हाताच्या अंतरावर होती. मी दाराशी, मधल्या सगळ्या पसाऱ्याच्या पलीकडे.

“काका!”

केवढ्याने ओरडली! लोक अशा वेळी आई गं म्हणतात, बाप रे म्हणतात. हिने माझ्या नावाने टाहो फोडला. बाकावरून उडी मारली की खालून रांगत गेलो, मला आठवत नाही, पण मी तिच्यापाशी होतो आणि तिने माझा सदरा छातीवर मुठीत धरला होता. त्याने तिला सावरायला हात पुढे केला होता. त्याचा हात ओलांडून तिने माझा सदरा धरला होता. तो हात अजून तसाच पुढे होता.

मी खाली बसलो, तिची चप्पल काढली. मशीनची कड अंगठ्याला घासून गेली होती. रक्त आलं होतं.

“हलव बघू. हलतोय?”

“हलतोय, काका.” ती रडत होती, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत.

“मूर्ख मुली, पाय मागे घेता येत नाही? एवढी शिकलीस ती कशाला?” मी ओरडत होतो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. थांबेचना. मला थांबवायचंही नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं. तिने वर बघितलं, त्याच्याकडे. “सॉरी,” ती म्हणाली. “मी मुद्दाम नाही... म्हणजे, बाबा, मी...”

बाबा म्हणाली. शब्द पाळला पोरीने. त्याने तो ऐकला, आणि आधीचा ‘काका’ही ऐकला होता. त्याने तो पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि कापडाला पुसला.

“असू दे गं,” तो म्हणाला. “असं मुद्दाम ठरवून तोंडातून येत नाही.” मग माझ्याकडे बघून, “तुम्ही तिचा पाय उंच धरा. मी बर्फ घेऊन येतो.”

मी म्हणालो, “अहो, पुढच्या रविवारी घरी या जेवायला.” हे माझ्याच तोंडून आलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पाचर रडता रडता माझ्याकडे बघायला लागली. तो दारात थांबला, मान हलवली आणि गेला.

मी तिचा पाय मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर, स्क्रू आणि सुयांच्या पसाऱ्यात बसून राहिलो. तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. तिचं कोपर बरगडीत घुसत होतं. घुसू दिलं. तो फार वेळ आला नाही. बर्फाचं दुकान तर समोरच होतं.