लर्लीला मारलेली हाक

मी एक जुने गाणे आहे, मित्रांनो. केंटकीच्या डोंगरांत, व्हर्ना टॅकेटच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. तिची सहा वर्षांची लर्ली ओढ्याच्या पुरात वाहून गेली होती. त्यानंतर शेंगा मोडता मोडता व्हर्ना रोज तिला हाक मारी, "घरी ये गं, जेवण निवतंय." त्या हाकेला हळूहळू चाल लागली. तेच मी.

व्हर्नाचा भाऊ हार्लन मला नॅशव्हिलला, गाण्यांच्या तबकड्या निघतात त्या शहरात, घेऊन निघाला.

"ताई, गाण्याला तुझं नाव लावतो," तो म्हणाला.

"माझं नको. तिचं तेवढं बदलू नकोस."

त्याने शब्द पाळला. तो गात असताना साथीला वाजवणाऱ्यांनी मान म्हणून डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

हार्लन वारल्यावर डेल क्राउडर या नावाजलेल्या गायकाने मला उचलले. तबकड्यांच्या कंपनीचा माणूस त्याला म्हणाला, "मेलेल्या पोरीचं गाणं कोण ऐकणार? पळून गेलेली प्रेयसी कर तिला."

"आणि ओढा?"

"ओढा राहू दे. ओढा चांगलाय."

मी घरोघरी पोचले. खोटे कशाला सांगू, मला ते आवडले.

मग थट्टेची गाणी गाणाऱ्या दोन भावांनी माझी चाल पळवली. लर्ली आता दारू पिऊन ओढ्यात पडणारी नवरी झाली. ती पडली की लोकांनी "डुबुक" ओरडायचे. रेडिओवर वीस वर्षे हेच वाजले, व्हर्नाच्या स्वयंपाकघरातसुद्धा.

एकदा ते भाऊ तालुक्याच्या जत्रेत आले. सत्तरी ओलांडलेली व्हर्ना मंचापाशी गेली. "बाळा, लर्ली माझी मुलगी होती. बुडाली ती."

धाकट्याला ती थट्टा वाटली. तो माइकवर म्हणाला, "ऐकलंत का, लर्लीच्या आई आल्यात. या आजी, तुम्हीच म्हणा."

तिला वर चढवले. तिला मूळचे शब्द म्हणायचे होते, पण वाद्ये थांबेनात. तोंडात आले ते रेडिओवरचे. स्वतःच्या मुलीला तिने स्वतःच्या तोंडाने दारुडी म्हटले, आणि सारे मैदान ओरडले, "डुबुक."

दुसऱ्या दिवशी शेंगा मोडताना तिने हाक मारायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. पुन्हा तिने कधी हाक मारली नाही.

मित्रांनो, मला कोणीही गावे. पण हे गाणे कोणाचे, ते आधी विचारा. आणि सांगणारे कोणी उरले आहे तोवर विचारा.