खर्चात टाकलेलं ग्राइंडर

पाच हजारांच्या आतलं मशीन म्हणजे मशीनच नव्हे, असा विश्वजीतशेठचा कायदा. अशी वस्तू सरळ खर्चात टाकायची. तिच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र न विसरता घ्यायचं. सरकारकडून कर वळता करून घेताना ग्राइंडर कंपनीचं होतं, देखभालीच्या वेळी कुणाचंच नव्हतं. मशीनच्या यादीत नाव नाही, म्हणून वायरमनही कधी त्याच्याकडे फिरकला नाही. कंपनीच्या वाळूजच्या शेडमध्ये त्याच ग्राइंडरचा करंट लागून कामगार बद्रीनाथ गेला.

दहावा झाल्यावर शेठने क्रांती चौकातल्या ऑफिसात अकाउंटंट मंजुषाला बोलावलं.

"त्या ग्राइंडरचं घेतलेलं क्रेडिट सरकारला व्याजासकट परत भरून टाक, म्हणजे ते कंपनीचं उरत नाही. मशीन बद्रीलाच विकलं होतं असं दाखव. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं काम करत होता. विषय संपला."

म्हणजे बद्रीच्या बायकोला भरपाई द्यायचा विषय संपला. एरवी सरकारचा एक रुपया सोडताना जीव जाणाऱ्या या माणसाला आज कर भरायची कोण घाई! मंजुषाने नोंद केली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. नोकरी करणारं माणूस असंच मधे लटकतं.

दुसऱ्या दिवशी पिशोरहून बद्रीनाथची बायको, केसरबाई आली. शेठने तिला पाणी दिलं आणि ग्राइंडर पिशवीत घालून तिच्या हाती ठेवलं.

"वहिनी, हे तुमच्या मालकाचंच. तुमच्याकडंच असू द्या."

चोराच्या उलट्या बोंबा तरी कानाला बोचतात; हा तर गोड बोलत होता.

केसरबाईने पिशवी छातीशी धरली. "दिराच्या पोराला देते. फॅब्रिकेशनचं काम शिकतोय. उद्याच लावंल."

मंजुषा खुर्चीतून उठली.

"लावू नका ते!" ती ओरडलीच. "त्यात करंट उतरतो. अन् ते तुमचं नाही, कंपनीचं आहे. बिल कंपनीच्या नावावर आहे, त्याचं क्रेडिट मीच घेतलंय. तुम्ही भरपाईचा दावा करा, मी येते सांगायला."

"मंजुषा, उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाला.

केसरबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. "म्हंजी, त्यांनी इकत घेतलं नव्हतं?"

"नाही."

केसरबाईने पिशवी खाली ठेवली.

"शेठ फोनवर म्हणले, सोताचं मोडकं मशीन व्हतं. मी लई बोलले त्यांना, ताई. चार पैसे वाचवायला जीव घालवला म्हणून, सरणावर ठेवलं तवा बी शिव्याच देत व्हते."