तळं ओलांडायचं होतं

रुग्णालयाच्या लॉण्ड्रीत काम करणाऱ्याला उन्हाळा काय आणि हिवाळा काय, सारखाच. वाफेनं भिंतींचे पोपडे सुटलेले, जमीन कायम ओली. थोरली तिथं तरुणपणी लागली आणि चादरींच्या घड्या घालता घालता पन्नाशी उलटून गेली. भावंडांत मोठी म्हणून घरात थोरली, पुढे चर्चच्या मंडळीतही तेच नाव चिकटलं. लग्न राहूनच गेलं. आई अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ आणि वहिनी त्याच गल्लीत वेगळे राहत. आईचं सगळं थोरलीच करायची. शनिवारी प्रार्थनामंदिर झाडणं, कुणाकडे मयत झालं की चहाच्या किटल्या घेऊन धावणं, हेही तिच्याकडेच. कुणी विचारायचंसुद्धा नाही. ‘थोरली आहे ना’ म्हटलं की विषय मिटायचा.

बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेब एकेकाला मागणी विचारत. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची नोकरी. थोरलीची पाळी आली की ती आईचं नाव सांगायची. त्या बुधवारी मात्र ती म्हणाली, “मला तळं पोहून पलीकडे जायचंय. त्यासाठी प्रार्थना करा.”

कुणीतरी खोकलं. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी पदर सारखा केला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “प्रभू, तुझी इच्छा असेल तर आमच्या या बहिणीचं मागणं ऐक.”

सभा संपल्यावर खुर्च्या रचताना थोरलीनं त्यांना गाठलं. “गुडघ्यासाठी तुम्ही ‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणाला नाहीत. नोकरीसाठीही नाही. माझ्याच वेळी का?”

पाळकसाहेब थकलेले होते. सकाळी एक दफन उरकून आले होते आणि रात्रीचं जेवण व्हायचं होतं. हातातली खुर्ची उघडून ते बसले.

“खरं सांगू? यात कुणाचं भलं होणार, ते मला कळेना.”

“माझं.”

“आणि देवाचं?”

“ते मलाही माहीत नाही. लहानपणी वडिलांनी पोहायला शिकवलं. पाण्यात असले की मला प्रार्थना करावी लागत नाही, आपसूक होते. बाकी सगळीकडे ओढूनताणून करते. म्हणून वाटलं, हे त्याचंच असेल.”

पाळकसाहेब उठले. उरलेल्या खुर्च्या त्यांनीच रचल्या.

शनिवारचा झाडू तिनं मंडळीतल्या दुसऱ्या बाईकडे सोपवला आणि ती तळ्यावर जाऊ लागली. आधी काठाकाठानं, मग थोडं आत. दंड भरून यायचे, रविवारी उपासनेत उभं राहताना पाय लटपटायचे. तेवढ्या वेळापुरतं आईजवळ बसायला वहिनी यायची, पण तोंड पाडून.

“ताई, आम्हाला का हौसमौज नाही? पण आम्ही गप्प बसतो,” एकदा ती म्हणालीच.

“नको ना गप्प बसूस. तुला काय हवंय?”

वहिनी गडबडली. हा प्रश्न तिला बहुधा कुणी विचारलाच नव्हता. “मला झोप हवीय,” ती म्हणाली आणि दोघींनाही हसू आलं. ते फार टिकलं नाही. आईनं आतून हाक मारली होती.

आईला थोरलीनं सगळं सांगितलं होतं. म्हातारीनं ऐकून घेतलं, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, “बुडू नकोस. मला कोण उठवून बसवणार?” थोरलीला राग आला आणि रागाची लाजही वाटली. त्या शनिवारी ती घरीच राहिली. पुढच्या शनिवारी मात्र गेली.

तळं पोहून जायच्या दिवशी पाळकसाहेब काठावर आधीच हजर होते. होडीवाल्याकडून त्यांनी जुनी होडी मागून आणली होती. वल्हं मारायची त्यांना सवय नव्हती. होडी दोनदा गोल फिरली तेव्हा कुठे सरळ निघाली.

अर्ध्यापर्यंत थोरली बरी गेली. मग गार पाण्याचा पट्टा लागला आणि पोटरीत गोळा आला. तिनं होडीची कड धरली.

“चढा वर, पुष्कळ झालं,” पाळकसाहेब म्हणाले.

“थांबा जरा.”

होडी जागच्या जागी डुलत राहिली. पाळकसाहेबांना धाप लागली होती. वल्हं मांडीवर ठेवून ते म्हणाले, “मी इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाही. लोकांना वाटतं, केवढा हा त्याग. पण मला काही हवंसंच वाटत नाही हो. ते कधी गेलं कळलंही नाही. तुम्ही त्या दिवशी मागितलंत, तेव्हा मला तुमचा हेवा वाटला.”

थोरली पाण्यातच पोटरी चोळत होती. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही दमलाय. रजा घ्या.” मग तिनं होडी सोडली.

उरलेलं अंतर ती कशीबशी, बरीचशी पाठीवर पोहत गेली. प्रार्थना आपसूक झाली म्हणावं, तर तसंही नाही. पाणी, हात, श्वास, एवढंच होतं. पलीकडचा काठ म्हणजे चिखल, लव्हाळी आणि कुणीतरी टाकलेलं टायर. ती चिखलातच बसली. आनंद होईल असं ती धरून चालली होती. आला तो नुसता थकवा. पण रोजच्यासारखा नाही. हा तिनं स्वतः मागून घेतलेला होता.

“झालं?” पाळकसाहेबांनी होडीतून विचारलं.

“झालं.”

“कसं वाटतंय?”

“भूक लागलीय.”

त्यांनी तिला हात देऊन वर घेतलं. त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. परतताना तिनं वल्हं मागितलं, त्यांनी दिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी मागं वळून पाहिलं, तर थोरली ओल्या केसांनी, तोंड उघडं टाकून, फळीवर गाढ झोपली होती. तिला जागं करायला नको म्हणून ते वल्हं हळू मारू लागले.