पाऊण इंचाचा गुन्हा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गज आहे. गज म्हणजे कापड मोजायची तीन फुटांची जाड पट्टी. आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आधी स्वतःच्या कौतुकाचे पाढे वाचतात. मलाही ते आवडलं असतं. पण माझ्यामुळे एका भल्या बाईला चोर ठरवलं गेलं, ते आधी सांगायला हवं.

एका सुताराने मला घडवलं आणि एका शिंपी मास्तरांनी मला विकत घेतलं. "माणूस चुकेल, माझा गज चुकणार नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढत असे. मास्तर कामात चोख, पण राग नाकावर. दुकानात कुणी मोठ्याने बोललं की ते माझं टोक फरशीवर आपटत. वर्षानुवर्षं आपटून माझा पाव इंच झिजला. त्या घरात कापताना दोन बोटं कापड जास्त धरायची सवय होती, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र ठाऊक होतं.

मास्तरांना दोन मुलं, थोरली आणि धाकटा. फरशीवर दोरा पडलेला दिसला की दोघांच्याही तळहातावर मी बसायचो. धाकटा हात झटकायचा आणि घटकाभरात कालव्यापलीकडच्या वस्तीत चेंडू खेळायला पळायचा. थोरली मुळातच भित्री. दोऱ्यांची रिळं रंगवार लावल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही, आणि अनोळखी गिऱ्हाईक आलं की ती आतल्या खोलीत जायची. मास्तर म्हणायचे, "पलीकडच्यांच्या हातात कात्री द्यायची नाही. हात लांब असतात त्यांचे."

"बाबा, पण त्यांनी आपलं काय नेलंय?" असं तिने एकदाच विचारलं. उत्तर म्हणून मी तिच्या हातावर उमटलो. पुढे तिने कधी विचारलं नाही. हळूहळू तिला ते वाक्य स्वतःचंच वाटायला लागलं, आणि खरं म्हणजे त्याचा तिला आधारही वाटायचा. कुणाला भ्यायचं ते तरी नक्की झालं होतं.

मास्तर गेले आणि दुकान थोरलीकडे आलं. धाकटा शिवणयंत्रं दुरुस्त करू लागला. काम वाढलं, माणसं मिळेनात, तेव्हा धाकट्याच्या आग्रहावरून पलीकडच्या वस्तीतली एक बाई शिवायला येऊ लागली. हात इतका सफाईदार की टाका शोधूनही सापडू नये. तरी ती घरी निघाली की थोरली तिच्या पिशवीकडे बघत राही.

मग एका दवाखान्याच्या चाळीस पडद्यांचं काम आलं. थोरलीने मला त्या बाईच्या हातात दिलं. "एका पडद्याला बरोबर तीन गज. सूतभरही इकडेतिकडे नको." दोन बोटं जास्त धरायचं सांगायचं राहून गेलं. त्यात काही डाव नव्हता. घरच्या सवयी घरच्यांना दिसत नाहीत. त्या बाईने माझ्यावर भरवसा ठेवला आणि सांगितलं तसंच कापलं.

प्रत्येक पडदा पाऊण इंच आखूड भरला. दवाखान्याने सगळे परत पाठवले. उरलेलं कापड त्या बाईने नीट घडी करून फळीवर ठेवलं होतं. थोरलीने ती घडी पाहिली आणि तिचा आवाज चढला.

"आखूड कापून हे मागे काढलंस? घरी न्यायला?"

"ताई, सगळ्यांसमोर फळीवर ठेवलंय. न्यायचं असतं तर इथे ठेवलं असतं का?"

"तुम्हा लोकांचे हात लांब, हे बाबा सांगायचेच. चोर कुठली!"

थोरलीने मला पडद्यावर धरूनसुद्धा पाहिलं नाही. तिला गरजच वाटली नाही. ती बाई पिशवी उचलून निघून गेली. आणि मी? मला तोंड नाही हे खरं, पण दोष दुसऱ्यावर गेला म्हणून मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

दोन दिवसांनी धाकटा आला. हकिकत ऐकून त्याने मोजायची फीत माझ्याशेजारी पसरली. "ताई, हा गजच आखूड आहे गं." थोरलीने फीत हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजलं.

मग ती मला घेऊन, जन्मात पहिल्यांदा, कालवा ओलांडून गेली. ती बाई दारात बसून कुणाचा तरी सदरा उसवत होती. थोरली म्हणाली, "चूक या गजाची होती. मला माफ कर. उद्यापासून ये."

बाईने हातातलं काम थांबवलं. "आणि ताई, चूक माझीच असती तर? तुमच्या दुकानातल्या बाकीच्या बायका चुकतात, तेव्हा ती चूक असते. मी चुकले असते तर काय म्हटलं असतं?"

 थोरली खाली बघत म्हणाली, "चोरच म्हटलं असतं."

"मग मी परत कशी येऊ?"

तिने हे अगदी शांतपणे विचारलं. मग तिने पुन्हा सदरा उसवायला घेतला.

मित्रांनो, दुसऱ्याच दिवशी दुकानात नवा गज आला. ती बाई आली नाही. थोरली अधूनमधून कालव्यावरच्या पुलापर्यंत जाते आणि काय बोलावं ते न सुचून परत येते. आम्हा वस्तूंना जपा, असं मी सांगणार नाही. मला चुलीत घातलंत तरी चालेल. फक्त एखाद्याला चोर म्हणण्याआधी एकदा मोजून बघा. दोन मिनिटांचं काम होतं. थोरलीला ते सुचलं नाही, आणि ते सुचू नये म्हणून तिच्या कोवळ्या हातावर मीच बसलो होतो.